किशोरवयीनांचा धार्मिक सहभाग आणि बालगुन्हेगारी : एक समाजशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
धर्माचरण करणारी मुले वाममार्गाला लागत नाहीत, अशी समाजात दृढ समजूत आहे. या समजुतीची अनुभवाधिष्ठित तपासणी प्रामुख्याने अमेरिकेत झाली. प्रस्तुत लेखात त्या संशोधनातील महत्त्वाचे टप्पे व त्यांचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संशोधनाचे टप्पे :
ट्रॅव्हिस हर्शी व रॉडनी स्टार्क यांनी कॅलिफोर्नियातील रिचमंड परिसरातील शालेय विद्यार्थ्यांच्या माहितीचे विश्लेषण १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. चर्चमधील उपस्थिती, तसेच सैतान व मरणोत्तर जीवन यांवरील श्रद्धा यांचा गुन्हेगारी वर्तनाशी उल्लेखनीय संबंध त्यांना आढळला नाही. बर्केट व व्हाइट यांनी १९७४ मध्ये या निष्कर्षाला मर्यादा घातली. चोरी वा मारहाण यांसारख्या कृत्यांशी धार्मिकतेचा संबंध क्षीण असला, तरी मद्य व गांजा यांच्या सेवनाशी तो अधिक स्पष्ट होता. चोरीचा निषेध सारा समाजच करतो. मद्याच्या बाबतीत मात्र समाजाची भूमिका संदिग्ध असल्याने धर्माचा निषेध वेगळा जाणवतो, असे याचे स्पष्टीकरण देता येते.

१९८२ मध्ये स्टार्क यांनी केंट व डॉयल यांच्यासह 'नैतिक समुदाया'ची संकल्पना मांडली. बहुसंख्य सोबती धार्मिक असतील, तेथेच व्यक्तीची धार्मिकता वर्तनाला आवर घालते. पश्चिम किनाऱ्यावर चर्च-सदस्यत्व अल्प असल्याने रिचमंडमध्ये हा परिणाम दिसला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे बेअर व राइट यांनी २००१ मध्ये साठ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सरासरी सहसंबंध सुमारे उणे ०.१२ आढळला. संबंध व्यस्त आहे. परंतु त्यावरून वर्तनातील दीड टक्क्याहूनही कमी भिन्नतेचा उलगडा होतो.

मर्यादा :
सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. पालकांची देखरेख धार्मिक सहभाग व सद्वर्तन या दोहोंनाही पोषक ठरू शकते. शिवाय साप्ताहिक चर्च-उपस्थितीचा निकष वारी, गणेशोत्सव वा घरातील पूजाअर्चा यांना तसाच लावता येणार नाही. महाराष्ट्रातील अभ्यासासाठी स्वतंत्र मापनसाधने घडवावी लागतील.

निष्कर्ष :
श्रद्धेच्या आशयापेक्षा तिला लाभलेला समूहाचा आधार अधिक निर्णायक ठरतो, असे या संशोधनातून सूचित होते. म्हणून विद्यार्थ्याची धार्मिकता वा नास्तिकता पाहून त्याच्या वर्तनाविषयी पूर्वग्रह बाळगणे अशास्त्रीय होय. तसेच मूल्यशिक्षणाची तासिका ठेवल्याने जबाबदारी संपत नाही. त्या मूल्यांना दुजोरा देणारा मित्रपरिवार व शिक्षकवर्ग विद्यार्थ्याभोवती असणे तितकेच आवश्यक आहे.