पलटणीतल्या साहेबाचा बटवा

साडीला खिसा नाही, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार. म्हणून आजीची चंची आली, आईच्या कनवटीची गाठ आली आणि आपल्या हातात पर्स आली. पण खिसा नसलेला पोशाख जगात फक्त बायकांच्याच वाट्याला आलाय असं समजू नका हं. स्कॉटलंडचे पुरुष चुण्याचुण्यांचा लोकरी किल्ट नेसतात, त्यालाही खिसा नसतो. मग ते कमरेला पट्टा बांधून पुढे एक बटवा लटकवतात. त्याचं नाव स्पोरन. त्यांच्या गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी 'पैशाची पिशवी'!

आता तुम्ही म्हणाल, स्कॉटलंडच्या बटव्याचं शिरूर-दौंडकडे काय काम? तर काम आहे. घोडनदीच्या काठी इंग्रजांची मोठी छावणी होती. तिथले कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये वारले, त्यांची कबर शिरूरलाच आहे. ते 74 व्या हायलँडर पलटणीचे, म्हणजे स्कॉटिश. आसपासचे गावकरी त्यांना 'सत्पुरुष' मानायचे आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्यांच्या कबरीवर ठेवायचे, अशी नोंद 1885 च्या पुणे गॅझेटियरमध्ये आहे. साहेबालाही आपल्या माणसांनी देवपण देऊन टाकलं!

या साहेबाच्या नावावरच एक वस्तू आमच्या घरात चर्चेला आली. माझ्या वन्सं शिरूरला असतात. त्यांच्या सासऱ्यांच्या कपाटात पांढऱ्या लांब केसांचं एक काहीतरी होतं. घरात कुणी त्याला चवरी म्हणायचं, कुणी गंगावन. एक दिवस जुन्या वस्तू घेणारा माणूस दारात आला. पाचशे रुपये देतो म्हणाला. नाही म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. "कर्नल वॉलेसचं आहे हे, दोनशे वर्षांपूर्वीचं. विलायतेत पाठवतो, दहा हजार घ्या." वन्संचा मला फोन, "अगं, देऊ का गं? घराच्या पत्र्याचं काम निघालंय."

दहा हजार काही थोडे नव्हेत. म्हटलं, आधी वस्तू काय सांगते ते तर ऐकू या.

वर काळ्या चामड्याची जाड पट्टी, तिला म्हणतात कँटल. पट्टीवर बिल्ला बसवायची दोन भोकं, बिल्ला मात्र गायब. खाली पांढरे केस आणि त्यांवर दोन लांब काळे गोंडे. मागच्या बाजूला छोटासा कप्पा.

गोंडे हे पहिलं पान. आपण लुगड्याच्या काठावरून ते कुठलं ते ओळखतो ना, तसंच. पांढऱ्यावर पाच काळे गोंडे असतील तर ब्लॅक वॉच पलटण. काळ्या केसांवर दोन पांढरे असतील तर कॅमरन हायलँडर्स. पांढऱ्यावर दोन लांब काळे म्हणजे सीफोर्थ, नाहीतर गॉर्डन पलटणीतला साधा शिपाई. दोघांच्याही बिल्ल्यावर सांबरासारखं शिंगांचं डोकं असतं, गॉर्डनच्या बिल्ल्यात त्याभोवती वेलीच्या पानांची कडी. बिल्ला हरवलेला असल्याने दोघांतलं नेमकं कोण, हे काही ठरलं नाही. पलटणींना ही नावं पक्की मिळाली ती 1881 मध्ये; त्याआधी त्यांना आकडेही असत.

वयासाठी मी शिलाई बघितली. एकसारखे बारीक टाके, दोन्ही बाजूंनी सारखे. शिलाई मशीन! ते घराघरांत, कारखान्यांत पोचलं 1850 नंतर. म्हणजे 1809 चा प्रश्नच मिटला. शिवाय असे गुडघ्यापर्यंत झुलणारे केस ही राणी व्हिक्टोरियाच्या काळातली ऐट. त्याआधीचे बटवे आखूड, हरणाच्या नाहीतर बिज्जूच्या कातड्याचे. आणि गंमत बघा, वॉलेसच्या 74 व्या पलटणीला किल्ट सोडून पँट घालायचा हुकूम झाला तोही 1809 मध्येच. बिल्ल्यावर हत्ती आणि 'असई' अशी अक्षरं असती, तर एकवेळ त्या पलटणीशी नातं लागलं असतं. आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला 1803 मध्ये लढाई झाली, तिची ती खूण.

मग नकली असेल का? सियालकोटला असले बटवे आजही ढिगांनी बनतात. गळून पडलेला एकच केस चिमट्यात धरून जाळला. पैठणीचा धागा आपण पारखतो तसा. केस जळल्याचा वास आला, प्लॅस्टिकसारखा गोळा झाला नाही. चामड्याच्या आतल्या बाजूला बाणाचा ठसाही निघाला, ती इंग्रज सरकारी मालाची खूण. पुणे-खडकीच्या छावणीत गोऱ्या पलटणी येत-जात असत, तिथून जुन्या बाजारात आणि तिथून सासऱ्यांच्या हातात, असा याचा प्रवास असावा, असं माझं आपलं मत. वस्तू खरी, साहेब खोटा!

आणखी एक. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरची अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायलाही परवाना लागतो. वन्संनी त्या माणसाला परवाना दाखवा म्हटलं. गेला तो गेलाच. पत्र्याचं काम भिशीच्या पैशांत झालं.

हे सगळं सांगते ते बटव्यासाठी कमी आणि तुमच्या ट्रंकांसाठी जास्त. शिरूर, दौंड भागात फौजेतली माणसं किती घरांत! दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे गट, पोलीस लाइनीतल्या प्रत्येक घरात बिल्ले आणि बटणं. ती वाचायची रीत हीच. भारतीय फौजेच्या बिल्ल्यावर मुकुट असेल तर तो 26 जानेवारी 1950 च्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. मुकुटाची कमान गोल घुमटासारखी असेल तर 1902 ते 1950 मधला; मधोमध खचलेली असेल तर बहुधा व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे त्याहूनही जुना.

पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक असेल तर त्याच्या कडेवर भिंगातून बघा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं कोरलेलं असतं. सोनाराकडे वजनावर गेलेल्या अशा पदकांबरोबर घरातल्या माणसाचं नावही मुशीत वितळलंय. चिंच, राख, पॉलिश काहीही लावू नका, अक्षरं झिजतात. बटव्याला शाम्पू तर मुळीच नको. सुती कापडात सैल गुंडाळा, बाहेरून कडुलिंबाचा पाला ठेवा, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. आणि घरात जी कुणी म्हातारी माणसं आहेत त्यांना ही वस्तू कुणाची, कुठून आली ते आत्ताच विचारून एका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी त्या ट्रंकेतच ठेवा. वन्संनी सासऱ्यांना विचारायचं राहूनच गेलं.