फिरता दांडा आणि पाण्याची गळती

रेवसच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी ज्यांनी लाँचची वाट पाहिली आहे, त्यांना धरमतर खाडीच्या पाण्याचा रंग सांगावयास नको. अंबा नदीचा गाळ आणि समुद्राचे खारे पाणी येथे एकत्र होते. या पाण्यातून लाँच चालते ती मागच्या पंख्याच्या जोरावर. इंजिन लाँचच्या पोटात आणि पंखा बाहेर पाण्यात. तेव्हा दोहोंना जोडणारा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, कोठेतरी लाँचच्या अंगातून बाहेर काढावाच लागतो. ते भोक पाण्याच्या पातळीखाली असते. माणसे बसतात त्या बोटीला आपण होऊन तळाशी भोक पाडावयाचे आणि मग त्यातून पाणी येऊ द्यावयाचे नाही, असा हा पेच आहे. शेतावरच्या पंपाचाही पेच तोच. मात्र तेथे पाणी आत असते व ते बाहेर येऊ पाहते. काही पंपांत पाणी खेचले जात असताना उलट बाहेरची हवाच आत शिरते आणि पंप पाणी सोडून देतो.

भोक शाफ्टइतकेच नेमके पाडले तर काय बिघडेल, असे कोणीही विचारील. शाफ्ट फिरावयाचा असेल तर फट ठेवावीच लागते. आणि फट आली की पाणी आले. पण या फटीचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अरुंद फटीतून पाणी संथ वाहत असले, तर गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट निम्मी केली की गळती एक अष्टमांश होते. फटीची लांबी दुप्पट केली, तर मात्र ती निम्मीच होते. स्वस्तात काम करू पाहणाऱ्या कारागिराने म्हणूनच प्रथम शाफ्ट सरळ व गुळगुळीत आहे की नाही आणि बेअरिंग झिजलेले नाही ना, हे पाहावे. लडबडणाऱ्या शाफ्टला जगातील कोणतेही सील पुरे पडत नाही. आम्ही तर म्हणू की, सीलविषयीच्या निम्म्या तक्रारी वस्तुतः बेअरिंगच्या असतात.

उरलेली फट भरण्याची जुनी युक्ती म्हणजे दोरी. शाफ्टभोवती एक पेटी करावयाची, तीत ताग, अंबाडी किंवा सुताची चरबीत भिजवलेली चौकोनी वीण असलेली दोरी कड्याकड्यांनी बसवावयाची आणि वरून ग्लँड नावाचे झाकण नटांनी आवळावयाचे. दोरी दाबली गेली की ती आडवी फुगते व शाफ्टला बिलगते. इंग्लंडात सॅम्युएल मोर्लंड यांनी 1675 च्या सुमारास आपल्या पंपाच्या दट्ट्याला अशी ग्लँड बसविली होती. पुढे जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनातही हीच पेटी आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली; तेथून नांगरांपाठोपाठ जे पंप महाराष्ट्राच्या विहिरींवर गेले, त्यांच्याबरोबर ग्लँडची दोरी हा शब्दही खेडोपाडी गेला.

दोरी भरण्यात कसब आहे, खर्च नाही. शाफ्टच्याच जाडीच्या काठीवर दोरी गुंडाळून कडी कापावी, म्हणजे माप चुकत नाही. एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नये. जुनी दोरी पेटीच्या तळाशी ठेवून वर नवी ठोसणे हा आळस फार महाग पडतो. नट दोन्ही बाजूंनी सारखे व थोडेथोडे आवळावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, थेंब पूर्ण बंद करू नये! 30 मिलिमीटरचा शाफ्ट मिनिटाला 1440 फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग दोरीवरून सेकंदाला सव्वादोन मीटर वेगाने घासत असतो. तो थेंबच या घर्षणाला वंगण देतो व उष्णता वाहून नेतो. ग्लँड करकचून आवळली की दोरी जळते, कडक होते आणि शाफ्टवर चरे पाडते. मग गळती आवरत नाही.

थेंबाचा हिशेब करून पाहू. सेकंदाला एक थेंब पडला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरांच्या आसपास पाणी होते. घागरही भरत नाही. पण मिनिटाला एक लिटर अशी बारीकशी धार लागली, तर चोवीस तासांत 1440 लिटर, म्हणजे जवळजवळ दीड टन पाणी बोटीत येते. रेवसचे नाव निघाले की ‘रामदास’ आगबोटीची आठवण होतेच. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळी हवेत काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या अपघाताचा ग्लँडशी संबंध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि तळाशी साचलेले सैल पाणी बोट कलली की त्याच बाजूला धावते व तिचा कल आणखी वाढवते, हे कोणत्याही बोटीला लागू आहे. नांगरून ठेवलेल्या लाँचचे पाणी सकाळी उपसताना ते कालच्यापेक्षा जास्त आहे का, इकडे तांडेलाचे लक्ष असते ते याचसाठी.

गाळाच्या पाण्यात दोरीचे आयुष्य कमी होते, कारण रेतीचे कण तीत रुतून बसतात आणि दोरी कानशीसारखी शाफ्ट खाऊ लागते. उपाय दोन. शाफ्टवर काशाची नळी चढवावी. झिजली की तेवढीच बदलता येते. दुसरा उपाय असा की, कड्यांच्या मधोमध एक पोकळ जाळीदार कडे ठेवून त्यात आतल्या दाबापेक्षा किंचित अधिक दाबाने स्वच्छ पाणी सोडावे, म्हणजे गाळ आत शिरत नाही. लाँचवर गोडे पाणी कोठून आणणार? तेथे ग्रीसचा कप रोज अर्धा आटा फिरविला तरी बरेच काम भागते. खाऱ्या पाण्यात ग्राफाइटची दोरी मात्र टाळावी. काळी दोरी दिसावयास झकास, परंतु ग्राफाइट व धातू मिळून खाऱ्या पाण्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि शाफ्ट कुरतडला जातो.

दोरीहून निराळा मार्ग चामड्याच्या वाटीचा. जोसेफ ब्रामा यांच्या 1795 च्या पाण्याच्या दाबयंत्रात अशी वाटी होती. ती सुचविण्याचे श्रेय त्यांचे कारागीर हेन्री मॉडस्ले यांना देतात. वाटीची कड पाण्याकडे तोंड करून बसवितात, म्हणजे पाण्याचा दाबच ती दांड्यावर दाबून धरतो. आपल्या खारभूमीच्या बांधातील उघाडीचेच हे तत्त्व आहे. भरती आली की समुद्र स्वतःच दार मिटवितो; माणसाने दाबावे लागत नाही. आजचे स्प्रिंग असलेले रबरी सील त्याच कुळातले. ते स्वस्त आहे, पण उलटे बसविले तर व्यर्थ, आणि कोरडे फिरले तर जळते.

कार्बन व चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन आरशासारख्या चकत्या एकमेकींवर फिरविणारे मेकॅनिकल सील या सर्वांहून कमी गळते. आता घरगुती पंपांतही ते सर्रास असते. पण गाळाच्या पाण्यात त्या चकत्यांना ओरखडे पडतात, आणि ते बिघडले की गावच्या मिस्त्रीला नवेच आणावे लागते. दोरी त्याला पेटीत ठेवता येते.

ज्याला खाचरातले पावसाचे पाणी थोड्या उंचीवर उपसून बांधापलीकडे टाकावयाचे आहे, त्याने तर सीलच्या भानगडीत पडूच नये. पंप पाण्यात उभा सोडावा, शाफ्ट उभ्या नळीतून वर न्यावा व त्याचे वरचे टोक पाणी बाहेर पडते त्या तोंडाच्या वर, उघड्या हवेत ठेवावे. पाणी त्या उंचीला पोचतच नाही; मग अडवावयाचे काय? खालच्या बेअरिंगला मात्र पाण्याचेच वंगण चालेल असे रबरी किंवा कठीण लाकडाचे अस्तर द्यावे.