सहव्याधीच्या रकान्यातला कर्करोग

9 मार्च 2020 रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोरोनाबाधित सापडले, पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले. पुढची दोन वर्षे इथल्या वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर आरोग्याची बातमी म्हणजे खाटांची बातमी होती. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘वायसीएम’, कोविडसाठी राखले गेले. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभे राहिले. प्रत्येक ठिकाणच्या खाटा आणि व्हेंटिलेटर यांचे आकडे छापून आले. जुन्या दुखण्यांचे रुग्ण त्या काळात कुठे गेले, हे मात्र क्वचितच.

कर्करोग तेव्हा पहिल्या पानावर आला तो नामवंतांच्या मृत्यूमुळे. 29 एप्रिल 2020 ला इरफान खान गेले, दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर. 18 एप्रिलला राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यावर बंदी घातली होती, त्यामुळे उद्योगनगरीतल्या अनेकांनी हे मृत्युलेख मोबाइलवरच्या पीडीएफमध्ये वाचले. ‘झुंज संपली’ ही अशा बातम्यांची ठरलेली भाषा. कोविडच्या बातम्यांतही तेच रणांगण होते: योद्धे, लढा, मात. अमेरिकी लेखिका सुसान सोंटॅग यांनी 1978 मध्येच या युद्धरूपकावर बोट ठेवले होते. झुंज म्हटली की मरणारा हरलेला ठरतो; केमोची तारीख हुकल्याने दगावलेल्याला तर ही भाषा अगदीच अन्यायकारक.

सामान्य रुग्ण दिसला तो लाचार रूपात. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर टाळेबंदीत अडकलेल्या कुटुंबांची छायाचित्रे गाजली, आणि ती छापली हे बरेच झाले. पण चाकणच्या एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, ज्याची गाठ तपासायचीच राहून गेली, त्याचे छायाचित्र निघण्याजोगे काही नव्हते. न झालेल्या तपासणीला बातमीमूल्य नसते.

तिसरे रूप आकडेवारीतले. मृतांच्या दैनंदिन टिपणात कर्करोग ‘सहव्याधी’ झाला. सप्टेंबर 2020 च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी अशा व्याधी नोंदवल्या गेल्या. 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या सहव्याधिग्रस्तांना लस खुली झाली. त्या वीस व्याधींच्या यादीत कर्करोग होता. या निमित्ताने तो निदान उपयुक्त माहिती म्हणून छापला गेला. महिन्याभरात दुसरी लाट आली. रेमडेसिव्हिरच्या रांगा, चाकणच्या प्रकल्पांतून निघणारे ऑक्सिजनचे टँकर आणि कारखान्यांचा तोडलेला ऑक्सिजन यांनी पाने भरली. ते रास्तच होते.

राहिलेला हिशेब 2021 मध्ये ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’तल्या अभ्यासाने मांडला. देशातल्या 41 कर्करोग केंद्रांत मार्च ते मे 2020 या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा 54 टक्क्यांनी घटली होती, मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्क्यांनी.