मुद्देमालाची साक्ष

रहस्यकथा वाचणारा तो अपरिपक्व आणि प्रत्यक्ष घडलेल्या खुनांचे वृत्तांत आवडीने वाचणारा तो विकृत, असा दुहेरी निवाडा आपल्याकडील काही विद्वान समीक्षकांनी फार पूर्वीच देऊन ठेवला असल्यामुळे, ज्याने आयुष्यभर या दोन्ही प्रांतांत मनसोक्त संचार केला, त्याला दिवाळी अंकाच्या पानांवर आपली कैफियत मांडण्याची संधी मिळाली की ती त्याने सोडू नये. माझे म्हणणे असे, आणि ते मी हट्टाने मांडत आलो आहे, की गुन्हेकथेचा खरा रस गुन्ह्यात नाही आणि गुन्हेगाराच्या अंतःकरणातील अंधारातही नाही. तो तपासात आहे, आणि तपासातही त्या मूक वस्तूंत आहे, ज्यांची पंचनाम्यात नोंद होते, ज्यांच्या पुडक्यांवर लाखेची मोहोर उठते आणि ज्या पुढे कधीतरी न्यायालयाच्या मेजावर मुद्देमाल म्हणून मांडल्या जातात. कादंबरी असो, चित्रकथा असो, दूरदर्शनची मालिका असो वा सत्य घटनेचा वृत्तांत असो, मी त्यांना याच एका कसोटीवर घासून पाहत आलो.

इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांच्या मराठी अवतारांचा जो प्रारंभीचा काळ, त्याविषयी लिहिण्याजोगे बरेच असले, तरी आस्वादाच्या दृष्टीने तो आज शुष्क झाला आहे. बाबुराव अर्नाळकरांपाशी मात्र थांबलेच पाहिजे. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने झुंजार आणि काळा पहाड या नायकांची नावे घरोघर पोहोचवली, आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या लहानलहान वाचनालयांच्या फळ्या त्यांनी भरून टाकल्या. ज्यांनी पुढे ज्ञानकोश चाळले त्यांतील अनेकांना पुस्तक हातात धरण्याची पहिली सवय याच झिजलेल्या मुखपृष्ठांनी लावली, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु अर्नाळकरांच्या कथेतील रहस्य उलगडते ते नायकाच्या वेषांतराने, धाडसाने आणि ऐन वेळच्या हजेरीने. पुराव्याच्या साखळीने ते क्वचितच उलगडते. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास मला अधिक प्रिय, तो याच कारणाने, की तेथे संशयाला न्यायालयात उभे राहून स्वतःला सिद्ध करावे लागते. रहस्यकथाकार गुरुनाथ नाईकांचा लेखनाचा वेग अचाट होता. त्या वेगाचे अनुकरण करणाऱ्यांचा जो पसारा पुढे माजला, त्याचा विचार येथे करीत नाही.

चित्रकथेचा विषय निघाला की आमच्या पिढीतील जाणते वाचकदेखील संकोचतात, याचे मला नेहमी वैषम्य वाटते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि १९९० पर्यंत ते चालू राहिले. त्यांच्या मराठी आवृत्त्यांतून वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक आमच्याकडे आले. वेताळाच्या मुष्टिप्रहाराने दुष्टाच्या जबड्यावर उमटणाऱ्या कवटीच्या ठशाचे आकर्षण मी जाणतो, पण तेथे फिर्याद नाही, जबानी नाही आणि निवाडा तर जागच्या जागी. माझे मन जडले ते त्याच मालेत अधूनमधून येणाऱ्या रिप कर्बीवर. अ‍ॅलेक्स रेमंड या चित्रकाराने १९४६ साली निर्माण केलेला हा गुप्तहेर चष्मा लावतो, पाइप ओढतो, विचार करण्यासाठी आरामखुर्चीत बसतो, आणि त्याचा सेवक डेस्मंड हा पूर्वाश्रमीचा चोर असल्यामुळे कुलुपे कशी बोलतात हे त्याला सांगू शकतो. चित्रकथेला या बाबतीत गद्यावर एक निर्विवाद सरशी मिळाली आहे, आणि ती आमच्या समीक्षकांच्या ध्यानात कधीच आली नाही. गद्यलेखकाने मेजावरच्या राखदाणीचा उल्लेख केला की त्या उल्लेखानेच ती राखदाणी संशयास्पद ठरते. चित्रकार मात्र तीच वस्तू चौकटीच्या कोपऱ्यात, पडद्याच्या सुरकुत्यांइतक्याच तटस्थपणे रेखाटून ठेवतो, आणि शेवटच्या पानावर उलगडा झाल्यावर वाचक मागची पाने उलटून पाहतो तो ती तेथे होतीच. वाचकाशी इतका प्रामाणिक व्यवहार अन्य कोणत्या माध्यमाला साधला आहे?

आबिद सुरतींचा बहादूर १९७६ साली त्याच इंद्रजालमध्ये अवतरला, तेव्हा चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रे ठेवल्याच्या घटनेला फार काळ लोटला नव्हता. बहादूर हा दरोडेखोराचा पुत्र. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप गेला त्याच्यावर सूड उगवण्याच्या निश्चयाने निघालेला, आणि अखेर त्याच अधिकाऱ्याच्या छत्राखाली नागरिकांचे संरक्षक दल उभारणारा. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला हा तरुण एकट्याच्या बाहुबळावर विसंबत नाही, गाव संघटित करतो. भारतीय चित्रकथेने समाज नावाची वस्तू गुन्ह्याच्या पार्श्वभूमीवर इतक्या गांभीर्याने प्रथमच रेखाटली असे मी मानतो.

दूरदर्शनकडे वळतो. मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले आणि यथावकाश तेथे ‘एक शून्य शून्य’ ही मालिका आली. तिच्याविषयी मी यापूर्वीही लिहिले आहे, आणि पुन्हा लिहिताना मला कंटाळा येत नाही. पोलीस नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक हेच नाव धारण करणारी आणि मुंबई पोलिसांच्या कामावर आधारलेली ही मालिका बी. पी. सिंग यांची. सिंग हे दूरदर्शनवर वृत्तचित्रणाचे काम केलेले छायाचित्रकार, आणि त्यामुळेच की काय, त्यांच्या कॅमेऱ्याला घटनास्थळाकडे बातमीदाराच्या नजरेने पाहण्याची सवय होती. शिवाजी साटम आणि दीपक शिर्के यांच्यासारखे नट त्या मालिकेत पोलीस म्हणून वावरत, ते मराठी बोलणाऱ्या, घाम पुसणाऱ्या, वरिष्ठांसमोर टाचा जुळवणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांसारखे. चाळीतल्या शेजाऱ्याची जबानी घ्यावी, दुकानदाराच्या वहीतील नोंद तपासावी, आलेली माहिती फोल ठरावी आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा, हा जो तपासाचा संथ, चिवट, मानवी व्यवहार, तो त्या मालिकेने कोणताही आव न आणता दाखवला. त्याच सुमाराच्या अन्य मालिकांविषयी थोडक्यात सांगायचे तर ‘करमचंद’ (१९८५) मध्ये पंकज कपूर विलक्षण होते. बासू चॅटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) हा अभिजात म्हणावा असा. रमेश भाटकरांचा ‘हॅलो इन्स्पेक्टर’ रुबाबदार.

याच बी. पी. सिंगांनी १९९८ साली हिंदीत ‘सी. आय. डी.’ आणली, आणि तिने दोन दशके घरे व्यापली. तिच्या एका भागाचे १११ मिनिटांचे चित्रण कॅमेरा न थांबवता एकसलग केले गेले होते, ही तंत्रदृष्ट्या थोर कामगिरी होय, आणि तिचा योग्य गौरवही झाला. पण या मालिकेने, आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या डझनावारी मालिकांनी, प्रेक्षकाला एक घातक सवय लावली: शेवटच्या पाच मिनिटांत संशयिताच्या कानशिलात बसते आणि तो सारे कबूल करून टाकतो. आपल्या कायद्यात या कबुलीला काडीचीही किंमत नाही. भारतीय पुरावा कायद्याचे, म्हणजे १८७२ च्या कायद्याचे, पंचविसावे कलम सांगत असे की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. त्याची जागा घेणाऱ्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही ते तत्त्व कायम ठेवले आहे. अपवाद एवढाच, जुन्या सत्ताविसाव्या कलमाचा, की आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष हाती लागली, तर त्या वस्तूपुरते त्याचे बोलणे ग्राह्य धरावे. या तरतुदीत केवढे नाट्य साठले आहे! तोंडाने कितीही सांगितले तरी ते व्यर्थ. पंचांच्या समक्ष झुडपातून, विहिरीतून, जमिनीखालून ती वस्तू निघाली पाहिजे. तपासकथेचा परमोच्च बिंदू कायद्यानेच असा आखून दिला असताना आमचे पटकथाकार तो सोडून चपराकीवर संतुष्ट राहतात, याचा मला मनस्वी खेद होतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या प्रांतात येतो, तो सत्य खटल्यांचा. नानावटी खटल्याविषयी लिहिणारे बहुतेक सर्व लेखक प्रेम, विश्वासघात आणि नौदलाचा पांढरा गणवेश यांतच गुंतून पडतात, आणि त्यांच्यामागून चित्रपट निघतात. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या, हे कोणी नाकारीतच नव्हते; प्रश्न होता तो झटापटीत रिव्हॉल्व्हर उडाले की थंड डोक्याने चालवले. आणि त्या प्रश्नावर बोलला तो एक टॉवेल. आहुजा न्हाणीघरातून नुकताच बाहेर आलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला; झटापट झाली असती तर तो सुटून पडला असता, पण देह कोसळल्यावरही तो जागच्या जागी होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा खटला वाचताना मी प्रत्येक वेळी त्या टॉवेलापाशी येऊन थांबतो.

रमन राघव या खुन्याचेही तसेच. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सबइन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला हटकले तेव्हा त्याच्यापाशी जे निघाले त्याची यादी पाहा: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड, आणि आकडेमोड केलेले कागदाचे दोन कपटे. मुंबईच्या उपनगरांतील पदपथांवर निजणाऱ्या कष्टकऱ्यांची झोप ज्याने उडवली त्याचा हा सारा संसार. मनोविश्लेषणाचे शंभर अध्याय लिहून जे साधणार नाही ते या यादीने साधते. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास झाला, राघवने हत्यार दाखवून दिले, फाशीची शिक्षा झाली. पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या अहवालावरून उच्च न्यायालयाने १९८७ साली ती जन्मठेपेत बदलली. त्याच्या नावाचा जो चित्रपट २०१६ मध्ये निघाला, त्यात या यादीला कोठेही स्थान नाही, कारण तो त्याच्याविषयी नाहीच.

आणि जोशी-अभ्यंकर हत्याकांड. १९७६ च्या हिवाळ्यात पुण्यात जे राहत होते त्यांना त्या भयाचे वर्णन सांगायला नको. दिवेलागणीनंतर ओळखीच्या हाकेलाही दार उघडले जात नसे, आणि रात्रीच्या खेळाला जाण्याचे कोणी नाव काढीत नसे. मी तेव्हा पेठेत राहत होतो, आणि जिन्यावर पाऊल वाजले की घरातील बोलणे थांबत असे, ते मला आजही स्पष्ट आठवते. मारेकरी असलेल्या अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अंगुलिमुद्रा राहू नयेत म्हणून काळजी घेतली, श्वानांची दिशाभूल व्हावी म्हणून अत्तर शिंपडले. पण १९७७ च्या मार्चमध्ये लोखंडी शिडीला बांधून नदीत सोडलेला अनिल गोखले या आणखी एका बळीचा मृतदेह वर आला, आणि नायलॉनची दोरी व तिच्या गाठी यांनी मागच्या हत्यांशी नाते जोडून दिले. मग त्यांच्यातला एकजण माफीचा साक्षीदार झाला, आणि १९८३ च्या नोव्हेंबरात चौघांना येरवड्यात फाशी झाली. यावर चित्रपट निघाले, आणि अलीकडे तर ध्वनिमुद्रित कथनांचा सुळसुळाट झाला आहे, ज्यांत भयाण संगीताच्या पार्श्वभूमीवर मारेकऱ्यांची बालपणे रंगवली जातात. भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृति’ बंगल्यात ज्यांचा अंत झाला ते काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचा कोश सिद्ध करणारे पंडित होते, त्यांचा तो कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो, हे या कथनकारांपैकी कितीजण सांगतात? त्याच रात्री त्या घरात काम करणारी बाईही मारली गेली. तिच्यासाठी तर अर्धे वाक्यही खर्च होत नाही. पूर्वीच्या वृत्तांतलेखकाला निदान मृताचा व्यवसाय, वय आणि घराची मांडणी नोंदवण्याची शिस्त होती, कारण तो फिर्याद आणि पंचनामा वाचून लिहीत असे. आज मारेकऱ्याचे नाव मालिकेला मिळते, त्याची भूमिका देखण्या नटाकडे जाते, आणि वृत्तवाहिन्यांवर तर आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

नव्यांतील सारेच टाकाऊ, असे मात्र मी म्हणत नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात झालेल्या स्त्रिया व बालिकांच्या हत्यांवरील ‘मानवत मर्डर्स’ ही आशीष बेंडे दिग्दर्शित मालिका २०२४ मध्ये आली. रमाकांत कुलकर्णींच्या आठवणींचा तिला आधार आहे आणि आशुतोष गोवारीकरांनी त्यांची भूमिका संयमाने केली आहे. तिच्यात तपास हाच नायक आहे, आणि एवढ्यासाठीच मी ती अनेकांना आग्रहाने पाहायला लावली. परंतु ती पाहिल्यानंतर, या हत्यांची सूत्रे ज्यांच्या हाती होती असे मानले जात होते ते दोघे वरिष्ठ न्यायालयात सुटले, ही वस्तुस्थिती पाहून आमचे काही मित्र तपास फसला असे म्हणतात, तर काही न्याय फसला असे म्हणतात. दोघांनीही सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निवाडा वाचावा. तेव्हाच्या पुरावा कायद्याचे १३३ वे कलम म्हणत असे की सहअपराध्याच्या केवळ जबानीवर दिलेली शिक्षा तेवढ्याने बेकायदेशीर ठरत नाही. ११४ व्या कलमाचा दाखला म्हणत असे की महत्त्वाच्या बाबतीत दुजोरा मिळाल्याखेरीज असा साक्षीदार विश्वासार्ह मानू नये. या दोहोंत विरोध नाही, पहिला कायद्याचा नियम आणि दुसरा विवेकाचा, हे त्या निवाड्यात ज्या शांतपणे उलगडून दाखवले आहे, तो उलगडा वाचताना मला कोणत्याही रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणाइतकाच आनंद झाला. प्रत्येक आरोपीसमोर एकच प्रश्न ठेवला जातो, माफीच्या साक्षीदाराच्या शब्दांव्यतिरिक्त याच्याविरुद्ध दुसरे काय आहे, आणि ज्याच्या बाबतीत दुसरे काही निघाले नाही, त्याला न्यायालय सोडते.