विश्लेषण : बर्फ किती पडणार, आणि किती जड?

हिमवादळ येणार म्हटले की अमेरिकेत पहिला प्रश्न असतो, बर्फ किती इंच? हवामान प्रारूपांतून मात्र आधी पाण्याचा अंदाज मिळतो. बर्फाची उंची त्यावरून काढावी लागते. ढोबळ हिशेब एकास दहाचा : २५ मिलिमीटर पाणी म्हणजे २५ सेंटिमीटर बर्फ. गोची इथेच आहे. ढगात तापमान उणे १२ ते उणे १८ अंश असेल तर फांद्याफांद्यांचे स्फटिक बनतात, त्यांत हवा अडकते आणि तेवढ्याच पाण्याचा थर ५० सेंटिमीटरपर्यंत फुगतो. जमिनीलगतची हवा शून्य अंशाच्या आसपास असेल, तर तो १२-१३ सेंटिमीटरवर आटोपतो. म्हणजे सारख्याच उंचीचा ओला थर कोरड्याच्या चौपट जड!

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराला बर्फाचे अप्रूप नाही. तरीही १२-१३ ऑक्टोबर २००६ रोजी ईरी सरोवरावरून आलेल्या हिमवृष्टीने ते ठप्प झाले. विमानतळावर सुमारे ५७ सेंटिमीटर बर्फ साचला. एरवी शहराने तो पचवला असता. पण बर्फ ओला होता आणि झाडांची पानगळ व्हायची होती. पानांवर साचलेल्या भाराने फांद्या मोडून तारांवर कोसळल्या. लाखो लोक अंधारात गेले. काही भागांत वीज परतायला आठवडा उलटला.