पन्हाळ्याचा अंबारखाना व पाकग्रंथांचें परीक्षण

पन्हाळगडावर येणाऱ्या प्रवाशास हल्लीं दोन गोष्टी हटकून दाखविल्या जातात. एक, गंगा, यमुना व सरस्वती या नांवांचीं धान्याचीं कोठारें. दुसरी, गडावरील भोजनगृहांतील झुणका-भाकर व तांबडा-पांढरा रस्सा. पहिलीचा काळ ठरविण्यासाठीं बांधणीचें अवलोकन करावें लागतें. दुसरीचा काळ पाटीवर आयताच लिहिलेला असतो. ‘शिवकालीन’, ‘अस्सल’, ‘परंपरागत’ हीं विशेषणें खाद्यरसिक परीक्षक आपल्या परीक्षणांत उतरवून घेतात, पाकपुस्तकांचे कर्ते तीं परीक्षणांतून उचलतात, आणि छापलें गेलें एवढ्यावरच तें पुढें प्रमाण मानलें जातें. २०२५ सालीं पन्हाळ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसायादींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्यें झाला. तेव्हां अशा लेखनाचा ओघ वाढणार हें उघड आहे. बखरीस जी कसोटी आपण लावतों ती पाकग्रंथास व भोजनगृहाच्या ताटास कां लावूं नये, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम साहित्य पाहावें. मिरची, बटाटा, भुईमूग, मका, काजू व टोमॅटो हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतील. पोर्तुगीज या किनाऱ्यास लागल्यावर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढें, एकामागून एक तीं इकडे आलीं. पन्हाळ्यास राजधानी करणारा शिलाहार दुसरा भोज तेराव्या शतकाच्या आरंभीं यादव सिंघणाकडून जिंकला गेला. त्याच्या मुदपाकखान्यांत तांबडा रस्सा शिजणें शक्यच नव्हतें. पांढऱ्या रश्श्याची गोष्ट निराळी. नारळाचें दूध, खसखस, तीळ, मिरीं हें त्याचें साहित्य जुनें. पण येथेंच पुष्कळांची गफलत होते. नवें साहित्य आढळलें तर पदार्थ अमुक काळाच्या अलीकडचा हें सिद्ध होतें. साहित्य जुनें असलें तर तो जुना असूं शकेल, एवढेंच निष्पन्न होतें. दोन्ही रश्श्यांचा संबंध कोल्हापूरच्या राजघराण्याशीं जोडतात. तो असेलही, परंतु अशा विधानास मुदपाकखान्याचा हिशेब किंवा याद पुढें ठेवावयास पाहिजे.

दुसरी कसोटी नांवांची. शिलाहार ज्यांचे मांडलिक होते त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ मध्यें, मानसोल्लास रचला. त्यांत अन्नभोगाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतील ‘इडरिका’ हें नांव वाचून आजची इडली बाराव्या शतकांत होती असें कोणी लिहितो. पण ती नुसत्या उडदाच्या पिठाची, तींत तांदूळ नाहीं. नांव तेंच राहिलें, वस्तु पालटली. याच प्रकरणांत डुकराचें व उंदराचें मांस भाजण्याच्या कृति आहेत. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या कोणत्याही भोजनगृहानें त्या अद्याप आपल्या यादींत घातलेल्या नाहींत!

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील रघुनाथ गणेश नवहस्त याचें भोजनकुतूहल या कामीं अधिक उपयोगी. कर्ता महाराष्ट्रीय, तंजावरच्या भोसल्यांचा आश्रित. ग्रंथ संस्कृत, परंतु पदार्थांचीं मराठी नांवें त्यांत विपुल. भांडारकर संस्थेंतील प. कृ. गोडे यांनीं रघुनाथाचा काळ निश्चित केला आणि जिलबीसारख्या पदार्थाचा इतिहास पोथ्यांच्या आधारें लावून दाखविला. पाकग्रंथाचें परीक्षण कसें करावें याचा तो नमुना होय.

पण हे ग्रंथ राजांचे व पंडितांचे. गडावरचा शिबंदीचा माणूस काय जेवत होता, हें त्यांत नाहीं. तें अंबारखान्यास विचारावें. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिची उंची सुमारें ३५ फूट, व तींत २५,००० खंडी धान्य मावत असे असें सांगतात. दोन्ही अंगांनीं जिने वर गेलेले, आणि धान्य ओतण्यासाठीं घुमटांना माथ्यावर भोंकें. सांठा मुख्यतः वरी, नागली व भात यांचा, अशी परंपरा आहे. १६६० सालीं सिद्दी जौहरनें गडास वेढा घातला असतां शिवाजी महाराज सुमारें चार महिने येथें होते. अशा वेळीं गडाचा जीव कोठारांत असतो हें रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रावरून नीट कळतें. कोठारांत उंदीर, किडा, मुंगी, वाळवी शिरूं नये म्हणून भुई दगडचुन्यानें गच्च करावी, तेल-तूप मर्तबानांत भरून त्यांस बळकट बैठक द्यावी, असा त्यांत बारकावा आहे. पाककृति नसूनही मराठ्यांच्या अन्नव्यवहाराचें हें प्रथम दर्जाचें साधन होय, असें माझें मत आहे.

तात्पर्य इतकें, कीं गडावरील आजच्या ताटांत नागलीची भाकरी पडली, तर त्या ताटाचा कोठाराशीं खरा संबंध आहे. परीक्षक मात्र रश्श्यावर पानभर लिहितो आणि भाकरीस अर्धी ओळ देतो.

आतां संग्राहकांविषयीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचें गृहिणी-मित्र (१९१०) यांसारख्या छापील पुस्तकांस साल असतें. घरोघरच्या पाककृतींच्या वह्यांस तें नसतें, म्हणून त्या रद्दींत जातात. वास्तविक त्यांचा काळ लावणें फारसें अवघड नाहीं. मोडी अक्षर हें एक गमक. शेर, छटाक, तोळा हीं मापें दुसरें; ग्रॅम व किलो १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू रूढ झाले, तेव्हां एकाच वहींत आधीं पावशेर व पुढें ग्रॅम आढळले तर ती वही दोन पिढ्यांच्या हातांखालून गेलेली असूं शकेल. खानावळींचीं दरपत्रकेंही जपावीं. आणे-पैंतील दर १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वींचे, निदान त्या संक्रमणाच्या वेळचे. अशी वही हातीं आल्यास ती पुसूं नये, कडा कापून बांधूं नये. समासांत दुसऱ्या शाईनें वाढविलेलें मिरचीचें प्रमाण हाच पुष्कळदां तिच्यांतील सर्वांत मोलाचा मजकूर असतो.