तीन मिलिमीटरची फट

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीवरची हवा टपाला खाली दाबत नाही, वर ओढते. पुढच्या काचेवरून चढून आलेला झोत टपावरून जाताना वेग घेतो, आणि हवेचा वेग वाढला की तिथला दाब उतरतो. या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जोर दर चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन भरतो. वर त्याच्या निम्मीच ओढ धरली, तरी एक चौरस मीटर टपावर २३ किलो वजन उचलण्याएवढी ताकद लागलेली असते. आता माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघडी होणारी स्पोर्ट्स कार घ्या. तिच्या पहिल्या पिढीसाठी बनवलेला फायबरचा हार्डटॉप मागच्या काचेसकट साधारण २० किलोचा असतो. म्हणजे महामार्गावर वारा त्याला त्याच्याच वजनाइतक्या जोराने वर खेचत असतो, आणि पुढे, बाजूला व मागे बसवलेले मूठभर लॅच तेवढे त्याला धरून असतात!

ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. हिरोशिमात बनणाऱ्या या गाडीने २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मूळ गाडीला कापडी टप, मागे प्लॅस्टिकची पारदर्शक खिडकी, आणि वजन जेमतेम हजार किलो. उन्हाळ्यात टप उघडून फिरायचं आणि थंडीत दोघांनी मिळून हार्डटॉप उचलून वर बसवायचा, ही थंड देशांतल्या मालकांची रीत. हार्डटॉप घातला की गाडी एकदम शांत होईल, ही त्यामागची आशा. काही अंशी ती पुरी होतेही. पण कशामुळे होते आणि कुठे अडते, हे पाहायला लागलं की ध्वनिशास्त्राचा एक अचाट हिशेब उलगडू लागतो.

आधी वारा. वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ५० वरून १०० वर गेलात की वेग दुप्पट होतो, पण वाऱ्याचा आवाज ६४ पट, म्हणजे १८ डेसिबलने चढतो. टायरचा आवाज इतका उतावळा नसतो. वेग दुप्पट झाला की तो ९ डेसिबलच्या आसपास वाढतो. म्हणून गावात टायर ऐकू येतात आणि महामार्गावर वारा त्यांना गिळून टाकतो. त्यात कापडी टप वरच्या ओढीने फुगतो, फडफडतो आणि कडांपाशी रबरापासून सुटू पाहतो. हार्डटॉप फुगत नाही. पहिला फायदा तिथेच.

मग टप जितका जड तितका आवाज कमी, असंच ना? नियम तसाच आहे, पण महाग. आडोशाचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. २० किलोचे ४० केले की ६, आणखी ६ हवे असतील तर ८० किलो. हलकेपणावर जगणाऱ्या गाडीला हे परवडणारं नाही.

खरी किमया फटीत आहे. समजा, टपाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर आहे, कडांची एकूण लांबी पाच मीटर आहे आणि त्या सगळ्या कडेला तीन मिलिमीटरची फट राहिली आहे. फटीचं क्षेत्रफळ झालं १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपाच्या एक टक्का. टप स्वतः चांगला असेल आणि आवाजाच्या ऊर्जेचा हजारावा भागच आत सोडत असेल, तरी एक टक्का फट शंभरावा भाग आत सोडते. उरलेल्या ९९ टक्के टपातून जितका आवाज येतो, त्याच्या दसपट त्या फटीतून येतो. मग टप फायबरचा असो की शिशाचा, आवाज २० डेसिबलपलीकडे घटणार नाही.

म्हणून हार्डटॉप बसवताना सगळी मेहनत रबरावर. जुनं रबर कडक होतं, चपटं होतं, कोपऱ्यात आखडतं. ते तपासायला कागदाची पट्टी पुरते: रबर आणि काचेमध्ये ती धरून दार लावायचं आणि ओढून पाहायचं. सहज निघाली तर तिथे फट आहे. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून पाहिलं तरी उजेडाच्या रेघा दिसतात. या गाडीच्या दाराच्या काचेला वर चौकट नसते, ती थेट टपाच्या रबरावर टेकते. वेगात बाहेरचा कमी दाब काचेलाही बाहेर ओढतो, त्यामुळे उभ्या गाडीत नीट बसलेली काच १०० च्या वेगाला सुटू शकते. यावर उपाय म्हणजे काच मुळातच किंचित आत झुकवून बसवायची, म्हणजे ओढ सहन करूनही ती रबर सोडत नाही.

वारा आवरला की मागून टायर बोलू लागतात. ते आधीही बोलतच होते, फक्त झाकलेले होते. टायरच्या पोकळीत कोंडलेली हवा गोल फिरून स्वतःचा सूर धरते. या गाडीच्या १४ इंची चाकांच्या टायरांत पोकळीचा मधला घेर दीड मीटरच्या आसपास असतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा हा सूर २३० हर्ट्झच्या आसपास पडतो. बाहेर नक्षीचे ठोकळे डांबरावर आपटतच असतात. ते सगळे एका मापाचे असते तर टायरने एकच कर्कश सूर लावला असता, म्हणून बनवणारे मुद्दाम लहानमोठे ठोकळे मिसळतात आणि त्या सुराची नुसती सळसळ होते.

आणि एक आवाज हार्डटॉप स्वतः घेऊन येतो. कापड खालचे सूर बाहेर जाऊ देतं. टणक टप त्यांना परतवतो. बंद केबिनची लांबी दीड मीटर धरली तर तिचा पहिला नाद ११४ हर्ट्झला येतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३४०० फेऱ्यांवर असताना त्याचे स्फोटही सेकंदाला ११३ होतात, आणि महामार्गावर हे इंजिन तिथेच कुठेतरी फिरत असतं. मग रिकाम्या हंड्यात हुंकार भरावा तशी गाडी घुमू लागते. त्यावर स्पंज चिकटवून फारसं साधत नाही. या सुराची लहर तीन मीटर लांब. तिला नीट शोषायला पाऊण मीटर जाडीचा थर लागेल. म्हणून सळसळ शोषायला छताला फेल्ट आणि थरथरणाऱ्या पत्र्याला ब्युटिल रबराची चादर, अशी कामं वाटून द्यावी लागतात. ही चादर आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर उष्णतेत बदलते. आसनांमागचा कप्पा आणि मागच्या चाकांवरचे घुमट या तिच्या खास जागा.

इतकं करूनही पहिल्या उपायानंतर मालक हमखास हिरमुसतो. डेसिबलची बेरीज त्याला कारण आहे. ७० आणि ७० डेसिबलचे दोन आवाज मिळून ७३ होतात. सारख्या ताकदीचे दहा आवाज असतील आणि एक पुरता बंद केला, तरी जेमतेम अर्धा डेसिबल घटतो. कानाला तो कळतही नाही. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल घटावे लागतात, म्हणजे दहातले नऊ बंद व्हावे लागतात. पण हाच हिशेब शेवटाकडून वाचा: दोनच आवाज उरले असताना त्यातला एक बंद केला, तर एका फटक्यात ३ डेसिबल. काम तेच, खर्च तोच, आणि फळ मात्र सहापट. दुसऱ्याच दुरुस्तीवर वैतागून थांबणारा माणूस सगळ्यात कमी फळाची कामं करून घरी गेलेला असतो.